आधी झोप, मग भांडण

श्रोतेहो, नमस्कार.

गोव्यात हरमल-मांद्र्याच्या बाजूला गेलात तर 'होलिस्टिक हीलिंग'च्या पाट्या जागोजागी दिसतात. आत काशाचे वाडगे वाजतात, सुगंधी तेलाचा वास येतो, आणि तासाचा दर ऐकून आपल्याच छातीत धडधडायला लागतं. मी टिंगल करत नाही. मोबाइल बाजूला ठेवून तासभर निवांत पडल्यावर कुणाला बरं वाटत असेल, तर वाटू दे. पण त्या शब्दाचा अर्थ फार साधा आहे: माणूस अख्खा बघायचा. त्याची झोप, त्याचं जेवण, पाठदुखी, घरातली माणसं, कर्जाचा हप्ता, सगळं एकत्र धरून.

फोंड्याकडे समुपदेशनाचं काम करताना माझ्याकडे एक जोडपं आलं होतं. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलून सांगते. नवरा वेर्ण्याला कारखान्यात, तीन पाळ्यांमध्ये. बायको अंगणवाडीत. तक्रार नेहमीची: "हे ऐकूनच घेत नाहीत" आणि "ही तोंड उघडते ती कटकट करायलाच". मी त्यांना प्रेमाबद्दल, लहानपणाबद्दल काही विचारलं नाही. म्हटलं, भिंतीवरच्या कॅलेंडरवर भांडण झालं त्या दिवशी फुली मारा, बस्स. तीन आठवड्यांनी दोघं कॅलेंडरच काढून घेऊन आली. एक फुली सोडली तर बाकी सगळ्या रात्रपाळीच्या आठवड्यात.

तो सकाळी आठला कंपनीच्या गाडीतून उतरायचा. ती कामावर निघायच्या घाईत. दिवसभरात नवरा हाताला लागायची ती पाच मिनिटं, म्हणून फी, गॅस, सासूबाईंची औषधं सगळं तेव्हाच. तो ओरडायचा. मग पत्र्याखाली, उजेडात, पाववाल्या पोदेराचा भोंगा आणि शेजारचा मिक्सर ऐकत झोपायचा प्रयत्न. अपुऱ्या झोपेनं माणूस चिडका होतो, दुसऱ्याचा साधा चेहराही त्याला वाकडा वाटायला लागतो. यात स्वभावाचा दोष किती आणि झोपेचा किती, हे झोप पुरी झाल्याशिवाय कळतच नाही. आपल्याकडे सल्ला देणारे म्हणतात, "मनमोकळं बोला." मी म्हणते, आधी झोपा. पेज जेवा. मग बोला.

आम्ही ठरवलं ते एवढंच: खिडकीला जाड काळा पडदा, मोबाइल स्वयंपाकघरात, आणि तो घरात आल्यावर पैशांचा विषय नाही. पैशांसाठी रविवारची संध्याकाळ. तिनं लग्नानंतर फुगडीचं पथक सोडलं होतं, ते पुन्हा धरायचं. ती म्हणाली, "मला उत्साहच नाही." म्हटलं, उत्साहाची वाट बघू नका, नुसत्या जाऊन उभ्या राहा.

हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. आपल्या गोव्यातच, प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या रुग्णांवर याचा मोठा अभ्यास झाला. पर्वरीच्या 'संगाथ' संस्थेनं मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून तयार केलं. त्यांनी तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांना सहा ते आठ बैठका दिल्या. गाभा हाच: मन उठायची वाट न बघता आधी कृती, छोटी, ठरवून, आपल्याला पूर्वी आवडणारी. 2017 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. तीन महिन्यांनी या गटातले 64 टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्या दुसऱ्या गटात 39 टक्के. मला त्यातली दुसरी एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. या उपचारातल्या बायकांना नवऱ्याकडून होणारी मारहाणही कमी झाल्याचं दिसलं. उपचार एकीच्या नैराश्यावर होता, फरक घरात पडला.

आता भांडणाविषयी. अंगात राग चढला की नाडी धावते, आणि अशा वेळी समोरच्याचं बोलणं कानावर पडतं, डोक्यात शिरत नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी जोडप्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. ते अशा वेळी निदान वीस मिनिटं थांबायला सांगतात. तुम्ही म्हणाल, आमच्या घरी तीन-तीन दिवस थांबतात! तो अबोला. अबोल्यात समोरच्याला शिक्षा असते. थांबण्यात परत यायची वेळ सांगितलेली असते: "मी अंगणात जाऊन येतो, साडेनऊला बोलू." आणि साडेनऊला यायचं, हे मात्र पुरुष मंडळी सोयीनं विसरतात. त्या वीस मिनिटांत उत्तरं जुळवत बसू नका. चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. बाहेरचा श्वास लांबला की हृदयाची गती उतरते. करून बघा, आत्ता, माझं बोलणं चालू असतानाच.

पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी संमोहनाचा अभ्यास करणारे धर्मगुरू आबे फारिया यांचा पुतळा आहे. शाळेच्या सहलीत मुलं त्याला घाबरतात. कांदोळीत 1756 साली जन्मलेला हा माणूस पुढे पॅरिसमध्ये सांगत होता की संमोहनात गुंगी येते ती करणाऱ्याच्या जादूनं नाही, ज्याला येते त्याच्याच मनातून येते. त्यांची एक गोष्ट गोव्यात सांगतात. तरुणपणी पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचनाला उभे राहिले आणि वाचाच बसली. जवळ असलेले वडील हळूच कोकणीत म्हणाले, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी!" म्हणजे समोर बसलेली सगळी नुसती भाजी, चिरून टाक. आणि जीभ सुटली. बापानं उपदेश केला नाही, धीर धर असंही म्हणाला नाही. घरची भाषा, भाजी आणि विळी. घाबरलेल्या माणसाला कोणत्या आवाजात हाक मारायची, हे त्या बापाला ठाऊक होतं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. श्वास, फुगडी, पेज हे गोळ्यांच्या जागी नाही. डॉक्टरांनी सुरू केलेलं औषध वाडगेवाल्याच्या सांगण्यावरून बंद करू नका. आठवडेच्या आठवडे झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर बांबोळीच्या मानसोपचार रुग्णालयात जायला लाजू नका. 14416 हा मानसिक आरोग्यासाठीचा, टेली-मानसचा सरकारी नंबर मोफत आहे. आणि घरात हात उचलला जात असेल, तर वीस मिनिटांचा थांबा हा त्यावर उपाय नव्हे. तिथे आधी सुरक्षित जागी जायचं. महिलांसाठी 181 ही हेल्पलाइन आहे.

त्या जोडप्यातली ती परवा भेटली. कॅलेंडर अजून आहे म्हणाली. "गेल्या महिन्यात दोन फुल्या. एक त्यांची, एक माझी, माझी जरा मोठीच होती." आणखी बोललो असतो, पण तिला फुगडीच्या सरावाला पोचायचं होतं आणि कदंबा बस समोरच येऊन थांबली होती.