डाव्या हाफची जागा : डंकन एडवर्ड्सची आठवण

मित्रहो,

१९५८च्या म्युनिक विमान अपघातात एकविसाव्या वर्षी गेलेला इंग्लंडचा फुटबॉलपटू डंकन एडवर्ड्स याचं नाव निघालं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : तो जगला असता तर? १९६६ साली इंग्लंडनं विश्वचषक जिंकला तेव्हा तो २९ वर्षांचा असता. मग चषक कर्णधार बॉबी मूरनं उचलला असता की यानं? प्रश्न मनात येणं साहजिक आहे. पण या प्रश्नापायी एक नुकसान होतं. एकवीस वर्षांच्या आयुष्यात या मुलानं प्रत्यक्ष जे केलं ते मागे पडतं आणि उरते फक्त हळहळ. म्हणून आज आपण तो काय झाला असता हे बाजूला ठेवू आणि तो काय होता ते पाहू.

तो डावा हाफ-बॅक होता. आजच्या खेळात ही जागा त्या नावानं उरलेली नाही, म्हणून आधी ती समजून घेतली पाहिजे. त्या काळी इंग्लंडमधले संघ ‘डब्ल्यू-एम’ मांडणीत खेळत. मागे तीन बॅक, त्यांच्यापुढे दोन हाफ-बॅक, मग दोन इनसाइड फॉरवर्ड आणि सगळ्यांत पुढे दोन विंगर व मध्ये सेंटर फॉरवर्ड. पुढच्या पाचांचा डब्ल्यू, मागच्या पाचांचा एम. या मांडणीचा सगळा भार दोन हाफ-बॅकवर येतो. समोरच्या संघाचा इनसाइड फॉरवर्ड अडवायचा, चेंडू काढून घ्यायचा, तो आपल्या इनसाइडला किंवा विंगरला पोचवायचा, हल्ल्याला साथ द्यायला पुढे जायचं आणि चेंडू गेला की पुन्हा मागे धावायचं.

यातली जोखीम अशी : हाफ-बॅक पुढे गेला आणि चेंडू हरवला, तर त्याच्या ताब्यातला इनसाइड फॉरवर्ड मोकळा सुटतो. त्याला अडवायला मधला बॅक जागा सोडून बाहेर येतो आणि मग सेंटर फॉरवर्डला गोलसमोर रान मोकळं मिळतं. एका चुकीनं सगळी फळी उघडी पडते. म्हणून पुष्कळ संघ कामाची वाटणी करत. एक हाफ पुढे जाणारा, दुसरा जागा धरून राहणारा. मँचेस्टर युनायटेडचा उजवा हाफ एडी कोलमन हा चणीनं लहान, कमरेच्या एका झोक्यानं माणूस चकवणारा गडी. डावीकडे एडवर्ड्स. आणि एडवर्ड्स दोन्ही कामं एकटा करी. उंची साधारण पाच फूट अकरा इंच, वजन ऐंशी किलोच्या वर, पण लांब ढांगा टाकत तो इतक्या लवकर परत येई की मोकळा सुटलेला माणूस पुरता मोकळा होतच नसे.

त्याच्या ताकदीबद्दल फार बोललं जातं. मला वाटतं, ताकदीपेक्षा त्याच्या दोन्ही पायांबद्दल बोलायला हवं. त्या काळचा चेंडू चामड्याच्या तुकड्यांचा, आत ब्लॅडर, वर वादीनं आवळलेलं तोंड. नियमाप्रमाणे वजन १४ ते १६ औंस, म्हणजे साधारण ३९६ ते ४५३ ग्रॅम, पण हे वजन सामना सुरू होतानाचं. चामडं पाणी पितं. उत्तर इंग्लंडच्या पावसात, चिखलाच्या मैदानावर उत्तरार्धात तो चेंडू कितीतरी जड होई. अशा चेंडूला पायाच्या बोटांनी मारलं तर दिशा जाते आणि घोटा सैल ठेवून मारलं तर तो पुढे जातच नाही. घोटा ताठ, पायाची वरची बाजू चेंडूच्या मधोमध आणि अंगाचं वजन चेंडूवर, असा फटका बसला तरच तो पन्नास यार्ड जातो. एडवर्ड्स डाव्या बाजूला उभा राहून विरुद्ध टोकाच्या उजव्या विंगरला असे तिरके पास देई, आणि दोन्ही पायांनी देई. त्यामुळे त्याला अडवायला आलेल्याला कोणती बाजू झाकावी हे कळत नसे. एका पायाचा खेळाडू बाहेरच्या बाजूला ढकलता येतो. याला ढकलायला बाजूच नव्हती.

हे आलं कुठून? १ ऑक्टोबर १९३६ला मध्य इंग्लंडमधल्या डडली या कारखान्यांच्या गावात त्याचा जन्म. शाळेपासून त्याला एका जागी डांबून ठेवलं गेलं नाही. तो हाफ खेळला, मधला बॅक खेळला, फॉरवर्डही खेळला. मोठेपणी याचा उपयोग झाला. डिसेंबर १९५६मध्ये डेन्मार्कविरुद्ध फॉरवर्ड म्हणून खेळताना त्यानं दोन गोल केले आणि इंग्लंड ५-२ नं जिंकलं. एप्रिल १९५०मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षात, तो इंग्लंडच्या शालेय संघाकडून वेम्बलीवर वेल्सविरुद्ध खेळला आणि पुढे त्या संघाचा कर्णधार झाला. डडलीच्या शेजारचा वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्स (वुल्व्ह्ज) तेव्हा देशातल्या बलाढ्य क्लबांपैकी एक होता. त्यांच्या अंगणातला हा मुलगा जून १९५२मध्ये युनायटेडनं नेला.

तिथे व्यवस्थापक मॅट बझ्बी आणि त्यांचा सहायक जिमी मर्फी या दोघांनी तरुण मुलं घडवायची पद्धतच बसवली होती. बाहेरून महाग खेळाडू विकत घेण्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांची मुलं आणायची, त्यांना क्लबनं ठरवलेल्या घरी खानावळीसह ठेवायचं, आणि फुटबॉल जमला नाही तर पोट भरेल असं कामही शिकवायचं. एडवर्ड्स आला तेव्हा त्याला सुतारकामाची उमेदवारी लावून दिली होती. त्याच मोसमात एफ.ए.चा, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेचा, युवा चषक सुरू झाला. पहिली पाच वर्षं तो युनायटेडनं जिंकला, त्यातली पहिली तीन एडवर्ड्ससह.

पहिल्या संघात तो आला ४ एप्रिल १९५३ला, कार्डिफ सिटीविरुद्ध, वय १६ वर्षं १८५ दिवस. युनायटेड तो सामना ४-१ असा हरलं. पदार्पणाची गोष्ट सांगताना हा आकडा सहसा गाळला जातो. तो गाळू नये. सोळा वर्षांचा हाफ-बॅक पहिल्याच दिवशी चमत्कार करत नसतो, आणि बझ्बींना ते ठाऊक होतं. म्हणूनच पुढे तो पहिल्या संघात पन्नासहून जास्त सामने खेळून झाल्यावरही त्याला युवा संघात खेळवलं गेलं. त्यावर टीका झाली. अनुभवी खेळाडू पोरांमध्ये उतरवणं अन्याय्य आहे, असं लोक म्हणाले. बझ्बींनी लेख लिहून आपली बाजू मांडली. एक विचार करा : वयानं तो युवा संघाचाच होता.

इंग्लंडच्या मुख्य संघात तो आला २ एप्रिल १९५५ला, स्कॉटलंडविरुद्ध वेम्बलीवर. इंग्लंड ७-२ नं जिंकलं. वय १८ वर्षं १८३ दिवस. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडकडून इतक्या लहान वयात कुणी खेळलं नव्हतं, आणि हा विक्रम १९९८मध्ये मायकेल ओवेन येईपर्यंत, जवळजवळ ४३ वर्षं टिकला. पुढच्या वर्षी, २६ मे १९५६ला, बर्लिनच्या ऑलिम्पिक स्टेडियमवर पश्चिम जर्मनीशी गाठ पडली. जर्मनी तेव्हा विश्वविजेता होता. एडवर्ड्सनं मधल्या फळीतून चेंडू घेतला, अडवायला येणाऱ्यांना मागे टाकत पुढे निघाला आणि पेनल्टी क्षेत्राच्या बाहेरूनच फटका मारला. इंग्लंड ३-१ नं जिंकलं. हाफ-बॅकचा असा गोल ही तेव्हा सवयीची गोष्ट नव्हती. (आपल्याकडच्या वाचकांना काळाचा अंदाज यावा म्हणून सांगतो : त्याच वर्षी डिसेंबरात मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये गोव्याच्या मातीतल्या नेव्हिल डिसूझानं ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅट्ट्रिक केली आणि भारत ४-२ नं जिंकून उपांत्य फेरीत गेला.) एप्रिल १९५७मध्ये स्कॉटलंडविरुद्ध १-१ अशी बरोबरी असताना शेवटच्या मिनिटांत लांबून मारलेला विजयी गोलही एडवर्ड्सचाच.

इंग्लंडसाठी १८ सामने, ५ गोल. युनायटेडसाठी १७७ सामने, २१ गोल. १९५५-५६ आणि १९५६-५७ अशी लागोपाठ दोन लीग विजेतेपदं. पण या आकड्यांत न दिसणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे त्याच्यावरचा बोजा. सक्तीची लष्करी सेवा त्याला चुकली नाही. श्रुजबरीजवळच्या छावणीत तो युनायटेडमधला साथीदार बॉबी चार्लटनबरोबर होता. लष्कराच्या संघाकडूनही खेळावं लागे. क्लब, देश आणि लष्कर मिळून एका मोसमात त्याचे सुमारे शंभर सामने झाले. बदली खेळाडूचा नियमच नव्हता, म्हणजे उतरला की पूर्ण ९० मिनिटं. मे १९५७च्या एफ.ए. चषकाच्या अंतिम सामन्यात गोलरक्षक रे वूड सुरुवातीलाच जखमी झाला, तेव्हा मधला बॅक जॅकी ब्लँचफ्लॉवरला गोलमध्ये उभं करावं लागलं आणि युनायटेड अ‍ॅस्टन व्हिलाकडून २-१ असं हरलं. मोबदला? कमाल वेतनाच्या नियमानं मोसमात आठवड्याला १५ पौंड, उन्हाळ्यात १२. देशाचा सर्वोत्तम हाफ-बॅक मैदानावर सायकलनं येई.

१ फेब्रुवारी १९५८. लंडनमध्ये आर्सेनलविरुद्ध युनायटेड ५-४ नं जिंकलं. पहिला गोल एडवर्ड्सचा. इंग्लंडमधला तो त्याचा शेवटचा सामना. ५ फेब्रुवारीला बेलग्रेडमध्ये रेड स्टारशी ३-३ बरोबरी करून युनायटेड युरोपीय चषकाच्या उपांत्य फेरीत पोचलं. परतीच्या वाटेवर इंधनासाठी विमान म्युनिकला उतरलं.

तिथे काय बिघडलं ते नीट समजून घ्या, कारण ते नुसतं ‘नशीब’ नव्हतं. उड्डाणाचे पहिले दोन प्रयत्न इंजिनाचा दाब वरखाली होऊ लागल्यानं सोडावे लागले. तिसऱ्या वेळी विमान धावपट्टीच्या अशा टोकाच्या भागात शिरलं जिथे अर्धवट वितळलेल्या बर्फाचा राडा साचला होता. चाकं त्यात रुतली की वेग चढत नाही, उलट उतरतो. वेग ११७ नॉटपर्यंत (ताशी सुमारे २१७ किलोमीटर) गेला होता. या वेगानंतर थांबायला पुरेशी धावपट्टी उरत नाही. आणि नेमका तिथून तो १०५ पर्यंत घसरला. उडता येईना, थांबता येईना. कुंपण तोडून विमान घरावर आदळलं. ४४ पैकी २३ जण गेले, त्यांत युनायटेडचे आठ खेळाडू. आधी पंखांवरच्या बर्फाचं कारण देऊन कॅप्टन जेम्स थेन यांना दोषी धरलं गेलं. ब्रिटिश चौकशीनं त्यांना निर्दोष ठरवलं ते १९६९मध्ये, अकरा वर्षांनी.

एडवर्ड्स जिवंत सापडला. पाय मोडलेले, बरगड्या मोडलेल्या आणि मूत्रपिंडांना जबर इजा. हाडं जुळली असती, धोका मूत्रपिंडांचा होता. ती बंद पडली की रक्तातली घाण साचत जाते. रेख्ट्स डेर इझार रुग्णालयात त्याच्यासाठी कृत्रिम मूत्रपिंडाचं यंत्र आणवलं. १९५८मध्ये हे यंत्र मोजक्या ठिकाणीच होतं. पण त्यात एक अडचण मुळातच आहे. रक्त शरीराबाहेर यंत्रातून फिरवायचं तर ते गोठू नये म्हणून औषध द्यावं लागतं, आणि ज्याच्या अंगात ठिकठिकाणी जखमा आहेत त्याचं रक्त गोठेनासं झालं की आतल्या आत रक्तस्राव सुरू होतो. त्याच्या बाबतीत तेच झालं. तरीही तो पंधरा दिवस झुंजला. भेटायला आलेल्या मर्फींना त्यानं वुल्व्ह्जविरुद्धचा सामना किती वाजता सुरू होणार, असं विचारल्याची आठवण नोंदलेली आहे.

मर्फी विमानात नव्हते. वेल्सच्या संघाचे व्यवस्थापक म्हणून ते त्या आठवड्यात कार्डिफला होते. आता त्यांना उरलेल्यांचा संघ उभा करायचा होता. १९ फेब्रुवारीला ओल्ड ट्रॅफर्डवर शेफील्ड वेन्सडेविरुद्ध एफ.ए. चषकाचा सामना ठरला. छापील कार्यक्रमपत्रिकेत युनायटेडच्या अकरा जागा कोऱ्या सोडल्या होत्या, कारण छपाईच्या वेळी कोण खेळणार हे कुणालाच सांगता येत नव्हतं. डाव्या हाफची, सहा क्रमांकाची जागा भरली स्टॅन क्राउदरनं. आदल्या वर्षीच्या अंतिम सामन्यात युनायटेडला हरवणाऱ्या अ‍ॅस्टन व्हिलाचा तो हाफ-बॅक. सामना सुरू व्हायला तास-सव्वा तास उरला असताना त्याच्या करारावर सह्या झाल्या. तो त्याच मोसमात व्हिलाकडून चषकात खेळलेला होता, म्हणून त्याला खास परवानगी द्यावी लागली. युनायटेड ३-० नं जिंकलं. त्या रात्री म्युनिकमध्ये एडवर्ड्सचा श्वास चालू होता. २१ फेब्रुवारीच्या पहाटे तो थांबला.