दुखणं ऐकायला शिकताना

(पडद्यावर : पोर्टलंड शहराची कृष्णधवल छायाचित्रं)

साल 1954. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातून नुकतीच पीएचडी केलेला रोनाल्ड मेलझॅक हा पंचविशीतला मानसशास्त्रज्ञ अमेरिकेतल्या पोर्टलंडला येतो. पीएचडीसाठी त्यानं कुत्र्यांचा अभ्यास केला होता. पिल्लूपणापासून एकटी, बंदिस्त वाढवलेली ही कुत्री पेटत्या काडीत नाक खुपसत, आणि चटका बसला तरी पुन्हा तिथंच जात. इजा होते, तरी दुखण्यापासून दूर पळायचं त्यांना ठाऊकच नाही. हे कोडं डोक्यात घेऊन तो इथं मांजरांच्या मेंदूवर काम करू लागतो.

इथले त्याचे मार्गदर्शक विल्यम लिव्हिंग्स्टन हे शल्यचिकित्सक. ते वेदनेचं क्लिनिकही चालवत, आणि प्रयोगशाळेतल्या या पोराला त्यांनी तिथं येऊन बसायला सांगितलं. वेदनाशास्त्राच्या इतिहासात या आमंत्रणाला मी फार वरचं स्थान देईन.

(पडद्यावर : वहीत एकाखाली एक लिहिलेले शब्द)

क्लिनिकमध्ये एक वयस्कर बाई येत. मधुमेहापायी पाय कापावा लागलेला, आणि तरीही दुखत होता तो नसलेला पायच. बाई बोलक्या होत्या. कधी आग होते म्हणत, कधी कुणी चिरडतंय असं सांगत. मेलझॅक ते शब्द टिपून घेऊ लागला. मग दुसऱ्या रुग्णांचे. यादी वाढत गेली. पुढं एका संख्याशास्त्रज्ञाला सोबत घेऊन त्यानं शब्दांचे गट पाडले, त्यांची तीव्रता मोजली. 1975 साली मॅकगिल वेदना प्रश्नावली प्रसिद्ध झाली : 78 शब्द, 20 गट. ‘किती दुखतंय’ याच्या जोडीला ‘कसं दुखतंय’ हेही आता मोजता येऊ लागलं.

हा फरक आपल्याकडच्या ओपीडीत रोज दिसतो. गुडघा ठणकतो म्हणणाऱ्या आजोबांचं दुखणं वेगळं, आणि तळपायाची रात्रभर आग होते, मधेच करंट बसतो म्हणणाऱ्या मधुमेही काकूंचं वेगळं. काकूंच्या बाबतीत संशय नसांवर, म्हणजे संवेदना वाहून नेणाऱ्या चेतातंतूंवर जातो. तिथं नेहमीच्या वेदनाशामक गोळीचा फारसा उपयोग नसतो, औषधंच निराळी लागतात. हे शब्द कानाआड करणारा डॉक्टर गोळी बदलत राहतो आणि काकू जागत राहतात.

(पडद्यावर : मज्जारज्जूचं रेखाचित्र)

1965 साली मेलझॅक आणि मज्जासंस्थेचे अभ्यासक पॅट्रिक वॉल यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात एक सिद्धांत मांडला : मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांसाठी जणू एक फाटक आहे. स्पर्शाचे संदेश आणि मेंदूकडून येणारे आदेश ते कमीजास्त उघडतात. मार लागला की आपण ती जागा चोळतो, त्यानं बरं का वाटतं, याचं उत्तर त्यातून मिळालं. तपशील नंतर बदलले. पण वेदना म्हणजे जखमेपासून मेंदूपर्यंतची साधी तार, ही कल्पना मागं पडली.

1973 साली भूलतज्ज्ञ जॉन बोनिका यांनी सिअॅटलजवळ इसाक्वा इथं संशोधक आणि डॉक्टर एकत्र बोलावले. तोवर दोघं आपापल्या परिषदांना जात. त्या भेटीतून वेदना अभ्यासाची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली.

तरीही दरी बुजली नाही. 2005 साली मॉन्ट्रियलचे वेदना-संशोधक जेफ्री मोगिल यांनी ‘पेन’ (म्हणजे वेदना) या नियतकालिकातल्या दहा वर्षांच्या प्राणी-प्रयोगांचा हिशेब मांडला. किमान 79 टक्के शोधनिबंधांत फक्त नर प्राणी! आणि जुनाट दुखण्याच्या रुग्णांत बायकाच जास्त. क्लिनिकच्या बाकावर एक सकाळ काढलेल्या कुणाही विद्यार्थ्याच्या हे नजरेत भरलं असतं. 2015 साली मोगिल आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर दाखवलं, की नसांचं दुखणं टिकवून धरणाऱ्या पेशीसुद्धा नर-मादींत वेगळ्या असतात.

(पडद्यावर : नदीकाठी लाकडी इमारत)

कॅनडाच्या क्युबेक प्रांतातलं मॉन्टेबेलो. 2016 पासून इथं उत्तर अमेरिकेची ‘पेन स्कूल’, म्हणजे वेदनाशास्त्राची शाळा, भरते. तीसेक तरुण, काही प्रयोगशाळांतले, काही दवाखान्यांतले. वर्षानुवर्षं वेदना सोसणारे रुग्णही इथं चर्चेला बसतात, आणि ते भागीदार म्हणून. संशोधनाचा प्रश्न ठरवताना त्यांचा शब्द विचारात घेतला जातो.

भारतात काय? 1985च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर मॉर्फिन हे अफूपासून बनणारं प्रभावी वेदनाशामक मिळणं इतकं अवघड झालं, की ते कसं द्यायचं हे न शिकताच डॉक्टरांच्या तुकड्या बाहेर पडल्या. त्याची किंमत कॅन्सरच्या रुग्णांनी मोजली, आणि या गोष्टीचा आजही संताप येतो. 2014 साली मॉर्फिन मिळणं सोपं व्हावं म्हणून कायद्यात दुरुस्ती झाली. त्याआधीच, 2012 साली, मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये पॅलिएटिव्ह मेडिसिनची, म्हणजे गंभीर आजारात त्रास कमी करणाऱ्या उपचारशाखेची, एमडी सुरू झाली होती. 2019च्या एमबीबीएस अभ्यासक्रमात भूलशास्त्राखाली वेदनेला स्वतंत्र जागा मिळाली. दुखणं किती आहे आणि कसं आहे, हे रुग्णाकडून काढून घ्यायला विद्यार्थ्यानं शिकावं, असं तिथं लिहिलं आहे. आता हवा आहे तो खाटेपाशी थांबण्याइतका वेळ, आणि शेजारी उभा राहून शिकवणारा कुणीतरी.