सदतीस आठवडे कुठून मोजायचे?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय तो असा: गर्भारपण आणि अकाली प्रसूती यांवर अनेक केंद्रांत मिळून एकच अभ्यास कसा उभारायचा. सभागृहात परिचारिका आहेत, वैद्यकीयचे विद्यार्थी आहेत, त्यामुळे अकाली म्हणजे ३७ आठवडे भरण्याआधी, एवढंच सांगून पुढे जातो. २०२० साली जगात अंदाजे १ कोटी ३४ लाख बाळं अकाली जन्मली, त्यांतली सुमारे ३० लाख भारतात. तेव्हा हे अभ्यास आपल्याकडेच व्हायला हवेत, आणि एका रुग्णालयाने ते काम भागत नाही. समजा, बडोदा, इंदूर आणि ग्वाल्हेर अशी तीन केंद्रं घेतली. सगळे आधी पैशांचं बोलतात, मग परवानग्यांचं. माझं म्हणणं, आधी तारखेचं बोला. ३७ आठवडे म्हणजे २५९ दिवस. ते मोजायचे कुठल्या दिवसापासून?

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, हे झालं पुस्तकातलं उत्तर. ओपीडीत बाई सांगते, "भाद्रपद लागला ना, त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी." आता बडोद्यात आपला महिना अमावास्येला संपतो, गुजरात्यांचाही तसाच. इंदूर-ग्वाल्हेरकडे हिंदी भाषकांचा महिना पौर्णिमेला संपतो. जन्माष्टमी घ्या. आपल्याकडे ती श्रावण वद्य अष्टमी, तिकडे तोच दिवस भाद्रपद कृष्ण अष्टमी. म्हणजे तिकडचा भाद्रपद राखीच्या दुसऱ्या दिवशी लागतो आणि आपला त्यानंतर पंधरवड्याने. ग्वाल्हेरच्या मराठी घरात तर सासूबाईंचा भाद्रपद वेगळा आणि शेजारच्या काकींचा वेगळा! नोंद करणाऱ्या ताईंनी स्वतःच्या पंचांगाप्रमाणे तारीख लिहिली की गेले चौदा दिवस. ३६ आठवड्यांचं बाळ कागदावर ३८ चं होतं. शिवाय ही चूक एका केंद्रात एकाच दिशेने होत राहते, त्यामुळे बायकांची संख्या वाढवून ती भरून निघत नाही. आकडे पाहून वाटतं, त्या गावात अकाली प्रसूती कमीच आहेत.

म्हणून महिना विचारूच नका, सण विचारा. पाळी राखीच्या आधी आली की नंतर, गणपती बसले होते का. सण दोन्हीकडे एकाच सुमारास येतात. तिन्ही केंद्रांत एकच छापील दिनदर्शिका ठेवा आणि बाईला दिवसावर बोट ठेवू द्या. मागच्या तीन पाळ्या नियमित होत्या का, गर्भनिरोधक गोळ्या चालू होत्या का, अंगावर पाजत होती का, हे त्याच पानावर लिहा.

मग सोनोग्राफी, १४ आठवड्यांच्या आत. बाळाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी, म्हणजे सीआरएल, तीनदा मोजून सरासरी. बाळ सरळ पहुडलेलं हवं. अंग दुमडलेलं असेल तर लांबी कमी भरते. लांबी ८४ मिलिमीटरच्या पुढे गेली की डोक्याची मापं घ्यायची. इथे एक गोम आहे. एका यंत्रात एक सूत्र भरलेलं असतं, दुसऱ्यात दुसरं, आणि त्याच लांबीचे आठवडे दोघांचे जुळत नाहीत. म्हणून फॉर्मवर मिलिमीटर लिहा, आठवडे नकोत. आठवडे मध्यवर्ती कचेरीत एकाच सूत्राने काढायचे. नऊ ते चौदा आठवड्यांत पाळीच्या हिशेबात आणि यंत्रात सात दिवसांपेक्षा जास्त फरक पडला तर यंत्राचं धरायचं. नवव्याच्या आधी ही मुभा पाचच दिवसांची. पोटातल्या बाळाची वाढ मोजणाऱ्या इंटरग्रोथ-२१ या आठ केंद्रांच्या अभ्यासात आपलं नागपूर होतं. तिथे सगळीकडे एकाच बनावटीचं यंत्र होतं, आणि मोजताना आकडा पडद्यावर दिसायचाच नाही. दिसला की हात नकळत अपेक्षेकडे सरकतो.

एवढं ताणतो, कारण तारखेवर औषध ठरतं. अकाली कळा आल्या की बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. सहा देशांतली एक मोठी चाचणी २०१५ साली छापून आली, बेळगाव-नागपूरही त्यात होतं. तारीख ठाऊक नसली तर पोटावर उंची मोजायची रंगीत पट्टी लावून दिवस ठरवायचे. लहान बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत, उलट एकूण नवजात मृत्यू वाढले. २०२० च्या 'ॲक्शन' चाचणीत पाच देशांतल्या २९ रुग्णालयांत सोनोग्राफीने दिवस पक्के करून २६ ते ३४ आठवड्यांतच डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलं, आणि नवजात मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ वर आले. नवजात कक्षांची सोयही तिथे बरी होती, तोही फरक आहेच. पण तारखेचा वाटा मला मोठा वाटतो.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरलीत. बाकीचं भराभर सांगतो.

सोनोग्राफी यंत्र ज्या जागी नोंदलेलं, तिथेच वापरायचं, गर्भलिंगनिदान रोखणारा पीसीपीएनडीटी कायदा आहे. एकच यंत्र तीन गावांत फिरवण्याचा बेत डोक्यातून काढा. प्रत्येक तपासणीला त्याच कायद्याचा फॉर्म एफ भरायचा. संगणकात बाळाच्या लिंगाचा रकाना जन्मानंतरच उघडेल असा ठेवा. नैतिक समितीची परवानगी प्रत्येक केंद्राची, आणि औषधाची चाचणी असेल तर पहिली बाई घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या नोंदवहीत, नोंदणी.

रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीए नळीत, दोन तासांत सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवून, छोट्या कुप्यांत वाटून, उणे ८० अंशांत. फ्रीजर जनरेटरवर हवा.

प्रसूती अकाली झाली एवढंच लिहू नका. कळा आपोआप आल्या, पाणी आधी गेलं, की रक्तदाब वाढला म्हणून डॉक्टरांनी करवली, हे तीन वेगळे आजार आहेत. मृतजन्मही मोजा. वजनकाटा १० ग्रॅमपर्यंत दाखवणारा, रोज सकाळी एक किलोचं वजन ठेवून तपासलेला. नोंदवहीत २५०० ग्रॅमची गर्दी दिसली तर समजा, कोणीतरी अंदाजाने लिहितंय.

आणि माहेर. सातव्यात डोहाळजेवण झालं की पहिलटकरीण जळगावला नाहीतर धुळ्याला जाते, ऐन आपल्याला हव्या त्या आठवड्यांत. गळती अशी एकाच गटाची झाली तर निष्कर्ष वाकडा होतो. नोंदणीच्याच दिवशी तीन नंबर घ्या: तिचा, नवऱ्याचा, माहेरी आईचा किंवा भावाचा. प्रसूती कुठे ठरलीय ते लिहा. २८, ३२ आणि ३६ व्या आठवड्यात फोन करा, आणि डिस्चार्ज कार्डाचा फोटो भावाकडून मागवा. ते काम भाऊ चोख करतो.