शेडखालचं ऊन

(दृश्य : हिंगणा एमआयडीसी, भर दुपार. रस्ता ओस.)

मे महिन्यात नागपूर कसं तापतं, हे नागपूरकराला सांगावं लागत नाही. २३ मे २०१३ ला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत, दुपारी बाहेर पडू नका, दुपट्टा बांधा, पन्हं प्या, हे सगळे सांगतात आणि ते खरंच आहे. पण हिंगण्याच्या, बुटीबोरीच्या कारखान्यात भट्टीसमोर उभ्या असलेल्या माणसानं जायचं कुठं? तो तर आतच आहे.

(दृश्य : भट्टी. वितळलेलं लोखंड.)

पोलाद वितळतं सुमारे दीड हजार अंशांवर. त्याची धग थेट अंगावर येते, वरून टिनाचं छत तापलेलं. बातम्यांतलं तापमान या शेडखालचं नसतंच.

घाम वाळला की शरीर थंड होतं. विदर्भाच्या कोरड्या हवेत तो इतक्या लवकर वाळतो, की किती पाणी गेलं हे कळतही नाही. जाड अ‍ॅप्रन, हातमोजे घातले की मात्र तो आतच साचतो आणि अंग तापत जातं. आधी पायात गोळे येतात, डोकं दुखतं, मळमळतं. माणूस असंबद्ध बोलायला लागला, की उष्माघातच समजायचा. तोवर शरीर ४० अंशांच्या वर गेलेलं असतं.

सगळ्यात जास्त धोका नव्या माणसाला. अंगाला उष्णतेची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात, म्हणून सुरुवातीला त्याला थोडं-थोडंच काम द्यायला हवं. रोजंदारीवर आलेल्या पोराला ही सवलत कोण देतं? पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी. हजेरी कापली जाईल या भीतीनं चक्कर आली तरी तो बोलत नाही. हे थांबायलाच हवं.

१९४८ च्या कारखाने कायद्यानं २५० हून जास्त कामगार असतील तिथं उन्हाळ्यात पाणी थंड करून देण्याची अट घातली. लहान शेडमधल्या वीस जणांनाही तेवढीच तहान लागते. आणि कोपऱ्यात माठ ठेवून भागत नाही. दर पंधरा-वीस मिनिटांनी हातातलं काम सोडून पेलाभर पाणी पिता आलं पाहिजे.

(दृश्य : कामगार सहकाऱ्याच्या अंगावर पाणी ओततोय.)

कोणी कोसळलाच, तर १०८ ला फोन लावा. त्याला भट्टीपासून दूर न्या, कपडे काढा, अंगभर गार पाणी ओता, पंखा लावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. अ‍ॅम्ब्युलन्स दारात येईपर्यंत ओतणं थांबवू नका.