टर्बो घ्यायची की साधी? आधी काटा बघा

श्रोते हो, नमस्कार.

गोव्याहून बेळगावला परतताना केरी मागं पडलं की चोर्ला घाटाचा चढ लागतो. गाडीत पाच माणसं, डिकी भरलेली, एसी चालू. अशा वेळी लहान गाडीचं इंजिन काय बोलतं ते नीट ऐकलं, तर आजचा निम्मा विषय तिथंच कळतो. लहान पेट्रोल गाडी घ्यायची असेल तर टर्बो घ्यावी की बिनटर्बोची? बिनटर्बोच्या इंजिनाला कंपन्या ‘नॅचरली ॲस्पिरेटेड’ म्हणतात. आपण सरळ साधं इंजिन म्हणू.

डिझेलची सवय असलेल्यांना हा प्रश्न जास्त पडतो. १.३ लिटरची डिझेल स्विफ्ट मिनिटाला २,००० फेऱ्यांवरच १९० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याची ओढ, द्यायची. मारुतीनं १ एप्रिल २०२०पासून डिझेल गाड्या बंद केल्या. त्या ओढीची सवय लागलेला माणूस साध्या पेट्रोल गाडीत बसतो आणि पहिल्याच चढाला म्हणतो, ‘पिकअपच नाही की ओ हिला.’ पिकअप असतो, पण इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्या दाखवणाऱ्या काट्यावर बराच वर असतो.

साधं इंजिन पिस्टन खाली येताना जेवढी हवा ओढेल तेवढीच घेतं. टर्बोत सायलेन्सरकडं निघालेला गरम वायू एका चाकावरून जातो, त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. हवा जास्त आली की पेट्रोलही जास्त जाळता येतं. दाबलेली हवा तापते, म्हणून वाटेत इंटरकूलर लावून ती थंड करतात. दाब हद्दीबाहेर जाऊ नये यासाठी वेस्टगेट नावाची झडप असते.

मारुतीच्या फ्रॉन्क्स या एकाच गाडीत दोन्ही प्रकार मिळतात, म्हणून तिचे आकडे घेऊ. १.२ लिटरचं साधं इंजिन ९० पीएस (म्हणजे हॉर्सपॉवरसारखं माप) ताकद आणि ११३ न्यूटन-मीटर टॉर्क देतं, पण हा टॉर्क ४,४०० फेऱ्यांवर मिळतो. एक लिटरचं टर्बो १०० पीएस आणि सुमारे १४८ न्यूटन-मीटर देतं, तेही २,००० पासून ४,५०० फेऱ्यांपर्यंत. ताकदीत फरक दहाचाच. शोरूममध्ये तेवढाच सांगतात. खरा फरक त्या फेऱ्यांच्या आकड्यात आहे.

हंगामात चिकोडी-संकेश्वरच्या रस्त्याला उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत पुढं चाललेला असतो. समोरचा रस्ता मोकळा दिसला आणि तुमचा वेग चाळीस आहे असं धरा. चौथ्या गिअरमध्ये काटा साधारण १,५०० वर असतो. तिथून पाय दाबला तर दोन्ही गाड्या रेंगाळतात, टर्बोसुद्धा, कारण तेवढ्या वायूत तिचं चाक पुरेसं फिरलेलं नसतं. टर्बोवाल्यानं तिसरा टाकायचा. काटा २,००० च्या आसपास जातो आणि इंजिन जवळजवळ ४२ पीएस हाताशी ठेवतं. तेवढाच जोर साध्या इंजिनाकडून हवा असेल तर काटा ३,००० च्या घरात लागतो, म्हणजे थेट दुसरा गिअर. इंजिन ओरडतं. बरोबरच्यांना वाटतं गाडी तुटणार. काही तुटत नाही, ते इंजिन तसंच चालवायचं असतं. ट्रॅक्टर मात्र दोन्ही गाड्यांनी ओलांडला जातो.

आता उंची. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे. इथली हवा पणजीच्या हवेपेक्षा साधारण सात टक्क्यांनी विरळ. साधं इंजिन तेवढा जोर इथं कायमचा गमावून बसतं, ९० चे ८३-८४ धरा. टर्बोत वेस्टगेट थोडी जास्त वेळ बंद ठेवून संगणक ही तूट बरीचशी भरून काढतो. आंबोली, चोर्ला, तवंदी, वंटमुरी असे चढ भरल्या गाडीनं नेहमी चढणाऱ्याला टर्बोचे पैसे वसूल होतात, हे माझं मत.

उतारावर उलटा हिशेब आहे. पाय काढला की टर्बोचा दाब उरत नाही आणि एक लिटरचं इंजिन १.२ लिटरपेक्षा कमी रोखतं. चोर्ला उतरताना टर्बोत एक गिअर आणखी खाली ठेवा, नाहीतर सगळा भार ब्रेकवर येतो.

आणि ज्यांची गाडी टिळकवाडी ते खडेबाजार, मुलांची शाळा, शनिवारी भाजी, एवढ्यातच फिरते त्यांचं काय? काटा दिवसभर १,००० ते १,८०० मध्ये. तिथं टर्बो झोपलेलाच असतो आणि तुम्ही नुसती एक लिटरची गाडी चालवत असता. स्पीडब्रेकरवरून उठताना १.२ चं साधं इंजिन जास्त सरळ उचलतं. अशा घरानं टर्बो घेऊ नये. सीएनजी हवी असेल तरी कंपनीतून येणाऱ्या बहुतेक सीएनजी गाड्या साध्या इंजिनावरच असतात, टाटाच्या नेक्सॉनसारखा अपवाद सोडला तर.

मायलेज कागदावर जवळजवळ सारखंच: मॅन्युअल फ्रॉन्क्सला लिटरला साधं २१.७९ किलोमीटर, टर्बो २१.५. रस्त्यावर टर्बोचं मायलेज पायावर ठरतं. हवा दाबली जाते तेव्हा पेट्रोलही त्या मानानं ओतलं जातं. इथेनॉलबद्दल लोक विचारतात. २० टक्के मिश्रणात ऊर्जा सहा-सात टक्के कमी, म्हणून दोन्ही गाड्यांचं मायलेज थोडं उतरतं. पण इथेनॉलचा ऑक्टेन जास्त, म्हणजे ते दाबाखाली अवेळी पेटत नाही; नॉकिंग, म्हणजे अशा अवेळी पेटण्याचे ठोके, आवरायला तो टर्बोच्या कामी येतो. (ऊस आपलाच, हेही आहेच.) कराचं म्हणाल तर चार मीटरच्या आतली आणि १,२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी असेल तर २२ सप्टेंबर २०२५पासून दोन्हींना १८ टक्केच जीएसटी आहे.

आता बिघाड. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात सीएनसी लेथवर काम करणाऱ्याला स्पिंडलचे चार-पाच हजार फेरे ठाऊक असतात. टर्बोचा दांडा दीड-दोन लाख फेऱ्यांनी फिरतो, एका टोकाला नऊशे अंशांच्या घरातला वायू घेऊन, आणि बहुतेक गाड्यांत तो नुसत्या ऑइलच्या पापुद्र्यावर तरंगत असतो. म्हणून टर्बो मरतो तो बहुतेक वेळा ऑइलपायी. सकाळी चालू केल्या केल्या रेस करू नका, पहिले दोन-तीन किलोमीटर २,५०० च्या खाली चालवा. घाट जोरात चढून माथ्यावर चहाला थांबलात तर चावी लगेच फिरवू नका, मिनिटभर आयडलवर ठेवा. शेवटचा किलोमीटर हळू आणलात तर तेवढीही गरज नाही. गरम टर्बोत थांबलेलं ऑइल करपतं, त्याची काळी खपली धरते आणि ऑइलची बारीक वाट बुजते.

ऑइल पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचंच. डब्यावर ‘एपीआय एसपी’ हा ऑइलचा दर्जा लिहिलेला बघा. मेस्त्री म्हणतो ‘जाड टाकू, आवाज कमी येईल’, त्याला नाही म्हणा. बहुतेक कंपन्या दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष सांगतात. खानापूर-जांबोटीकडची तांबडी धूळ आणि रोजच्या चार किलोमीटरच्या फेऱ्या असतील तर टर्बोचं ऑइल पाच-सहा हजारांवर बदला. एअर फिल्टर स्वस्तातला लावू नका. त्याच्या कडेनं आत गेलेली धूळ हवेच्या चाकाची पाती झिजवते. प्लगही टर्बोचेच घ्या, त्यांचा गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती फट, साध्यापेक्षा कमी, बहुधा ०.७ ते ०.८ मिलिमीटर असतो. गॅप जास्त असला की भर चढावर इंजिन मिस मारतं.

डिझेलवाल्यांची एक सवय इथं महागात पडते: पाचवा गिअर, काटा १,३०० वर आणि चढावर पाय पूर्ण दाबलेला. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या टर्बो इंजिनात अशा वेळी मिश्रण ठिणगीच्या आधीच पेटू शकतं. ठोका एकदाच बसतो, पण पिस्टनच्या रिंगांमधली पट्टी तुटायला तो पुरेसा असतो. गिअर खाली टाका आणि मगच दाबा.

साध्या इंजिनाला यातलं फारसं काही लागत नाही. ऑइल, फिल्टर, कूलंट वेळेवर बदललं की ते निमूट चालतं. त्याच्या बाजूनं माझ्या मते हाच सगळ्यांत मोठा मुद्दा.

शेवटी जुनी टर्बो घेणाऱ्यांसाठी. गाडी बघायला सकाळी जा आणि आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर मालकानं तापवून ठेवली आहे, दुसऱ्या दिवशी या. थंड चालू करून पाच मिनिटं आयडलवर ठेवा, मग एकाला ३,००० पर्यंत रेस करायला सांगून तुम्ही सायलेन्सरमागं उभे राहा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, टर्बोच्या सीलमधून किंवा रिंगमधून. नंतर चढावर तिसऱ्या गिअरमध्ये दाबा. फुस्स आवाज येऊन जोर कमी झाला तर इंटरकूलरचा पाइप फाटलाय किंवा क्लिप ढिली आहे, ते स्वस्तात होतं. सायरनसारखी शिट्टी फेऱ्यांबरोबर चढत असेल तर चाक घासतंय, त्याचा खर्च हजारो रुपयांत जातो. मग इंजिन थंड झाल्यावर मेस्त्रीकडून इंटरकूलरचा पाइप सोडवून आत बोट फिरवा. बोटाला तेलकट ओल लागली तर हरकत नाही, ती बहुतेक गाड्यांत असते. ऑइल साचून बाहेर ओघळलं तर सर्व्हिसची बिलं बघायचीही गरज नाही, चावी मालकाला परत द्या.