वेताळाची अंगठी आणि पडद्यावरचं भूत

श्रोतेहो, नमस्कार. आपल्याकडे वेताळ म्हटलं की आधी डोळ्यांपुढे येतो तो गावाबाहेरचा शेंदूर फासलेला दगड. १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्सनं फँटम ह्या मुखवटाधारी वीराला भारतात घरोघरी पोचवलं. मराठी वाचकांचा तो वेताळ झाला, आणि हे नाव त्याला चपखल बसलं. का बसलं ते सांगायला हवं, कारण १९९६ साली आलेला ‘द फँटम’ हा चित्रपट नेमका तिथेच घसरतो.

ली फॉकनं १९३६ साली वर्तमानपत्रासाठी रचलेल्या ह्या वीराकडे एकही दैवी शक्ती नाही. १५३६ साली चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेला एक खलाशी बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतो. पुढे बाप गेला की मुलगा तोच पोशाख, तोच मुखवटा चढवतो आणि जंगलाला वाटतं, हा मरतच नाही! आपला वेताळ ह्या घराण्यातला एकविसावा. त्याला गोळी लागली तर रक्तच येतं. भूत खोटं, त्यामागचा माणूस खरा. वाचकाला हे ठाऊक असतं, गुंडांना नसतं. सगळी मजा त्यात आहे.

आता सायमन विन्सरचा चित्रपट पाहा. सोन्याची, चांदीची आणि जेडची अशा तीन कवट्या एकत्र आल्या की अचाट शक्ती हाती येते. इथवर चालून जाईल, खजिन्याच्या गोष्टीत असं असतंच. पण शेवटी वेताळाच्या बोटातली अंगठीच चौथी कवटी निघते! कॉमिकमध्ये ही अंगठी काय करते? उजव्या हाताचा ठोसा जबड्यावर बसला की कवटीचा ठसा उमटतो, तो जन्मभर जात नाही. त्याला मनगटात जोर लागतो, मंत्र नाही. (डाव्या हातातली अंगठी वेगळी, ती अभयाची.) वर चित्रपटात मेलेला बाप येऊन मुलाशी बोलतो. चार शतकं ज्याचं माणूसपण गुपित म्हणून जपलं, त्याचं खरोखरच भूत करून टाकलं की हो.

रंगाबद्दल मात्र तक्रार नाही. फॉकच्या मनात हा वीर राखाडी होता. १९३९ साली रविवारची रंगीत पानं सुरू झाली आणि तो जांभळा होऊन गेला. छापील पानावर मागे सपाट पिवळा रंग असला की जांभळा खुलतो. खऱ्या हिरव्या झाडीत, खऱ्या उन्हात तो टोचतो, तरी त्यांनी तो बदलला नाही ह्याचं कौतुक. डोळ्यांचं तसं नाही. चित्रात मुखवट्याच्या भोकांत बुबुळं नसतात, नुसता पांढरा रंग, धाक त्याचाच. पडद्यावर वेताळ झालेल्या बिली झेनचे डोळे दिसतात, आणि ते फारच गोड आहेत. पण डोळे झाकले तर नट अभिनय कशानं करणार?

सुरुवातीचा दोरखंडाच्या पुलाचा प्रसंग मात्र पुन्हा पुन्हा पाहावा असा. ट्रक पुलावर, आत अडकलेलं एक पोरगं, फळ्या तुटताहेत, दोर सुटताहेत. वर्तमानपत्रातली रोजची चित्रपट्टी अशीच बांधलेली असते. सोमवार ते शनिवार दिवसाला तीन-चार चौकटी: पहिली कालची आठवण देते, मधली गोष्ट ढकलते, शेवटची वाचकाला लटकवून ठेवते. इथं प्रत्येक तुटणारा दोर म्हणजे एकेका दिवसाची शेवटची चौकट. न्यूयॉर्कमध्ये पोचल्यावर हीच घडी विस्कटते. कॉमिकमधल्या संवादाच्या फुग्यातलं वाक्य डोळा क्षणात टिपतो, नटाला ते पूर्ण बोलावं लागतं. त्यामुळे खलनायक ड्रॅक्सच्या दिवाणखान्यात शंभर मिनिटांतली बरीच मिनिटं गप्पांत जिरतात.

इंद्रजालवर वाढलेल्यांना आणखी एक खडा लागेल. आपण ज्याला डेंकाली म्हणून ओळखतो, तो देश मुळात बेंगाला. चित्रपटात तेच नाव येतं. पडद्यावर डेंकाली शोधत बसू नका.

त्यापेक्षा विमानाच्या प्रसंगाला खुर्ची पुढे ओढा. इंधन संपत आलेलं, खाली वेताळाचा पांढराशुभ्र घोडा हिरो चौखूर धावतोय, आणि वेताळ त्याच्या प्रेयसीला, डायनाला घेऊन विमानातून थेट घोड्याच्या पाठीवर! प्रत्यक्षात दोघांचीही हाडं मोडली असती. चौकटीत मात्र हे असंच होतं, आणि इथं दिग्दर्शकानं कुठलीही कवटी मदतीला घेतलेली नाही.