तिसरा रकाना

(सकाळ. अंगणातल्या दोरीवर वाळणारं धोतर. त्यावर फिरलेलं बोट करडं होतं.)

चंद्रपूरच्या कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्रालगतच्या गावांत धुणं वाळत घालण्याआधी वारं कुठून आहे ते बघतात. केंद्र २९२० मेगावॅटचं. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचं प्रदूषण मोजलं, तेव्हा चंद्रपूर चौथं आलं होतं.

(एक जाड वही. रेघा पट्टीनं मारलेल्या.)

ही वही इथल्याच एका निवृत्त गुरुजींची. तीन रकाने: अधिवेशन, विषय, आपल्या आमदाराचं मत. पहिले दोन भरलेत, तिसरा पानोपान कोरा.

“पेपरात फोटो येते जी,” गुरुजी म्हणतात. “मत नाई येत.”

यायचं कुठून? विधानसभेत २८८ आमदार, त्यांतले ६२ विदर्भाचे. विधेयक मताला टाकलं की सभागृहातून ‘होय’चा गलका उठतो आणि ते संमत होतं. हे आवाजी मतदान. कोण ओरडलं, कोण गप्प बसलं, कोण कॅन्टीनमध्ये चहा पीत होतं, याची नोंद राहत नाही. कोणी मतविभागणी मागितली तरच नावानिशी मोजणी. तेव्हाही डोक्यावर पक्षादेश, म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षाचा हुकूम, असतोच. १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्यानं तो मोडला तर आमदारकी जाऊ शकते.

काही गोष्टी तर मताला येतच नाहीत. २०१८ची प्लास्टिकबंदी राज्याच्या २००६च्या अविघटनशील कचऱ्याच्या कायद्याखाली सरकारनं अधिसूचना काढून आणली. खाणीला जंगल द्यायचं तर १९८०च्या वनसंवर्धन कायद्यानुसार केंद्राची मंजुरी लागते.

गंमत बघा. खाणीच्या जनसुनावणीत मंडपात उभा राहून बोलणाऱ्या शेतकऱ्याचं म्हणणं लिहून घेतात, वर व्हिडिओ चित्रीकरणही करतात. केंद्राच्या २००६च्या पर्यावरण मंजुरीच्या अधिसूचनेत तसा नियमच आहे.

(नागपूर, डिसेंबर. बॅरिकेडला टेकलेला मोर्चा.)

गुरुजींनी मग वाट बदलली. तारांकित प्रश्नांच्या, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नांच्या, यादीत विचारणाऱ्या आमदारांची नावं छापलेली असतात. प्रश्नाचा साचा ठरलेला: “हे खरे आहे काय?” उत्तराचाही: “हे अंशतः खरे आहे.” आणि शेवटी हमखास, “प्रश्न उद्भवत नाही.” आयुष्यभर पोरांचे पेपर तपासलेले गुरुजी अशा उत्तरापुढे पेन्सिलीनं भोपळा काढून ठेवतात.

यादीतही मेख आहे. एकाच प्रश्नावर कधी कधी डझनभर नावं. कोणाला खरंच विचारायचं होतं आणि कोणी नुसतं नाव जोडलं, हे कळायला त्या दिवसाचं कार्यवृत्त, म्हणजे सभागृहातल्या बोलण्याची छापील नोंद, उघडून उपप्रश्न कोणी विचारला ते शोधावं लागतं. आपला आमदार सत्तेत गेल्यावर त्याचे प्रश्न कमी झाले का, हेही तिथंच दिसतं. गुरुजी नातवाच्या मोबाइलवर ही पानं वाचतात. अक्षर बारीक, चष्मा जुना.

(वही पुन्हा. ‘मत’ या शब्दावर काट, वर नव्या शाईत ‘काय विचारलं’.)

यंदाच्या अधिवेशनाची ओळ आखून झाली आहे. यादी अजून यायची आहे.